निळा दिवा लागला म्हणजे पाणी शुद्ध नव्हे

अंकाच्या संपादकांनी पत्रानं कळवलं, की तुम्ही पाणी शुद्ध करायच्या मशिनचे मेकॅनिक होता, तेव्हा गिऱ्हाइकांच्या गमतीजमती लिहा. दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं असू द्या. गमती आहेत. त्यातल्या दोन लिहितो. पण त्यानंतर जे लिहिणार आहे ते हलकंफुलकं नाही, आणि तेवढं वगळायचं असेल तर संपादकांनी सगळाच लेख परत पाठवावा.

मी दौंडचा. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स केला आणि नव्वद सालानंतर एका कंपनीत सर्व्हिस मेकॅनिक म्हणून लागलो. दौंड आणि शिरूर हे दोन तालुके माझ्याकडे. मोपेडला मागं पत्र्याची पेटी बांधलेली. पेटीत पाने, नवे दिवे कापसात गुंडाळलेले, आणि काच धुवायला लिंबूसत्त्वाच्या पुड्या. लोक मला 'पाणीवाले सोनवणे' म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

यंत्र काय करतं ते आधी सांगतो, कारण ते नीट न सांगितल्यामुळंच पुढचं सगळं घडलं. स्टीलची एक नळी असते. तिच्या आत खास काचेची नळी आणि त्या काचेच्या आत दिवा. पाणी स्टील आणि काच यांच्या मधून वाहतं. दिव्यातून अतिनील किरण निघतात. ते किरण जंतूला लागले की त्याचा वंश बुडतो. तो पोटात गेला तरी एकाचे हजार होत नाहीत, आणि एकटा जंतू माणसाचं काही बिघडवू शकत नाही. औषध नको, जाळ नको, पाण्याची चव बदलत नाही. विद्या शंभर टक्के खरी आहे. आजही माझा तिच्यावर विश्वास आहे.

पण तिच्या अटी आहेत. पाणी नितळ हवं, कारण गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणाच्या सावलीला दडून बसतो. काच स्वच्छ हवी. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, चार महिन्यांत काचेवर चुन्यासारखा थर चढतो आणि किरण आतच अडतात. दिवा वर्षाकाठी बदलावा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, किरण डोळ्यांना दिसत नाहीत. मशिनच्या छोट्या खिडकीतून जो निळसर उजेड दिसतो तो किरणांसोबत येणारा, बिनकामाचा. दिव्यातली ताकद संपली तरी तो उजेड तसाच दिसत राहतो. वीज गेली किंवा दिवा विझला तर पाणी अडवायला आत एक झडप असते. ती आपोआप बंद होते आणि नळाला थेंब येत नाही.

आता गमती. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका बागायतदारांनी मशीन बैठकीच्या खोलीत, थोरल्यांच्या फोटोखाली बसवून घेतलं होतं. पाहुणे आले की बटण दाबायचं, पाहुण्यांना निळा उजेड दाखवायचा, आणि पाणी मात्र माठातलं द्यायचं. मी विचारलं, "मशिनचं का देत नाही?" तर म्हणाले, "आवो, ते वापरलं तर झिजंल की!" दुसरे दौंडजवळचे एक दूधवाले. फोनवर म्हणाले, मशीन तुंबलंय. जाऊन उघडलं तर आत दही. "पानी शुद्ध हुतं, मग दूध का न्हाई हुनार?" असं मलाच विचारलं त्यांनी. अख्खी दुपार मी ती नळी खरवडत होतो आणि त्यांची आई मला ताक पाजत होती. हसलो आम्ही पोटभर.

हसणं इथं संपलं.

दोन हजार सालानंतरची, भारनियमनाची वर्षं. शिक्रापूर हायवेच्या दोन्ही अंगांनी सुटलं होतं. कंपन्या आल्या, कामगार आले, आणि ज्यांच्या शेतातून पूर्वी कांदा निघायचा त्यांच्या शेतातून पत्र्याच्या खोल्या उगवल्या. अशाच चार ओळी खोल्यांचे मालक होते एक आप्पा. नाव लिहीत नाही. भाडेकरू कुणी बीडचे, कुणी नांदेडचे, कुणी बिहारचे. आवारात एक मोठी जमिनीतली टाकी, तिच्यात बोअरचं पाणी आणि कमी पडलं तर टँकरचं; तिथून ते पंपानं उंचावरच्या टाकीत चढायचं. टाकीपासून दहा-बारा पावलांवर संडासाचा शोषखड्डा. हे अंतर मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. बोललोही होतो. आप्पा म्हणाले, "मग मशीन कशाला घेतोय मी?"

आवाराच्या कोपऱ्यात हौसाबाईंची मेस होती. केंदूरच्या धनगराच्या घरातल्या, पन्नाशीच्या. माहेरी मेंढरं होती, सासरी थोडी जमीन. नवरा गेल्यावर त्यांनी इथं एकटं राहणाऱ्या पोरांसाठी डबे सुरू केले. त्यांची एक रीत होती. जर्मनच्या मोठ्या पातेल्यात रोज पाणी उकळायचं, निववायचं आणि तेच जेवणाऱ्यांना द्यायचं. खोल्यांतल्या बायकाही त्यांच्याकडून हंडाभर न्यायच्या. कुणी शिकवलं होतं माहीत नाही. पण बाई पाणी उकळत होत्या.

मशीन बसवलं त्या दिवशी आप्पांनी सगळ्यांना गोळा केलं आणि मी भाषण ठोकलं. ही खिडकी. हिच्यात निळा दिवा दिसला की बिनधास्त हंडा भरा. दिवा नसेल तर थांबा. हौसाबाई पदर खोचून पुढं आल्या.

"म्हंजी आता उकळायची गरज न्हाई?"

"नाही. लाकडं वाचतील तुमची."

"पन ह्यात जाळ कुठं हाय सायेब? जाळाबिगार कवा किडं मरत्यात व्हय?"

मी हसलो. सगळे हसले. मी म्हणालो, "हा जाळच आहे हौसाबाई. तुम्हाला दिसत नाही इतकंच." हे वाक्य मला त्या वेळी फार छान वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी त्यांची पाणी उकळायची बाहेरची चूल बंद करायला लावली. धुरानं भिंत काळी होते म्हणे.

दर चार महिन्यांनी मी जाऊन काच धुवायची, दिवा तपासायचा आणि सर्व्हिस कार्ड भरून सही करायची, एक प्रत गिऱ्हाइकाला, एक कंपनीला, असा करार होता. पुण्याच्या मॅनेजरला कार्डं हवी असायची. महिन्याला इतकी कार्डं भरली तर शाबासकी, नाही तर सगळ्यांदेखत पाणउतारा. यंत्र उघडलं का, हे त्यानं कधी एकदाही विचारलं नाही. आप्पांचं हायवेवर सिमेंट-लोखंडाचं दुकान होतं. पहिल्या भेटीला मी आवारात गेलो, यंत्र उघडलं. दुसऱ्या भेटीला दुकानावरच आप्पांनी थांबवलं. "झ्याक चाललंय मशीन. आत कशाला जाताय उन्हाचं? च्या घ्या, कारड द्या." मी चहा घेतला आणि कार्डावर लिहिलं, 'काच साफ केली, दिवा तपासला, ठीक.' तिसऱ्या भेटीलाही तेच. दोन सह्या. न पाहिलेल्या यंत्राखाली केलेल्या माझ्या दोन सह्या.

त्या पावसाळ्याच्या शेवटी आवारात कावीळ आली. आधी तिसऱ्या ओळीतले दोघं, मग प्रत्येक ओळीत कुणी ना कुणी. कामगार होते, तरणे होते, महिनाभर अंथरुणाला खिळले आणि उठले. नामदेव म्हणून आष्टीकडचा एक फिटर होता, त्याची बायको कालिंदा नाही उठली. तिला आठवा महिना होता. ही जी पाण्यातून येणारी कावीळ असते ती पोटुशीला फार वाईट, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. मूलही गेलं.

आप्पांनी कारण लगेच शोधून काढलं. हौसाबाई. बाईच्या हाताला घाण, भांडी नीट घासत नाही, मेसमुळं रोग पसरला. जी पोरं दोन वर्षं त्यांच्या हातची भाकरी खात होती त्यांनीच त्यांची पातेली उकिरड्यावर नेऊन टाकली. पोरांना तरी काय म्हणू? त्यांना मालकानं सांगितलं होतं, आणि मालकाकडं कंपनीचा कागद होता.

मला मॅनेजरचा फोन आला. "सोनवणे, शिक्रापूरला जा. तिथं आरोग्य केंद्राची डॉक्टर आलीय. मशीन व्यवस्थित आहे असं लेटरहेडवर लिहून द्या आणि या."

मी गेलो. डॉक्टरीणबाई आवारात टेबल टाकून रोग्यांना तपासत होत्या. वयानं लहान, पण करारी. मी मशिनकडं गेलो. खिडकीत निळा उजेड होता. बरं वाटलं. पेटी उघडली, चार स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं.

दिवा जळून काळा पडलेला होता. काचेवर पांढरा थर इतका जाड, की नख लावलं तर खपली निघावी. झडप काढून टाकलेली आणि तिच्या जागी सरळ पाइप जोडलेला. आणि खिडकीच्या मागं, तारेनं बांधून, एक निळा झिरोचा दिवा. देवघरात लावतात तसला.

मी तो तसाच हातात घेऊन बसलो. आप्पा माझ्या मागं येऊन उभे होते.

"आप्पा, हे काय आहे?"

"दिवा गेल्ता. दिवा गेला की पानी बंद, आन् वरनं लाइटीचा असा खेळ. बाया समद्या दुकानाम्होरं येऊन कालवा करायच्या. मग आमच्या वायरमननं जुगाड केला. पानी आलं, दिवा दिसला, बाया गप झाल्या."

"आप्पा, हा झिरोचा दिवा आहे!"

"निळा हाय की."

आयुष्यात माझ्या कानावर पुष्कळ शब्द पडले. इतका राग मला कुठल्याच शब्दांचा आला नाही. त्यांच्या आवाजात लबाडी असती तर मी सोसलं असतं. लबाडीही नव्हती. त्यांच्या मते काम झालं होतं.

मग ते हळू बोलले. "सोनवणे, दोन कारडं हायती माझ्याजवळ. तुमच्या सहीची. मी बुडालो तर तुमी काठाव न्हाई ऱ्हानार. द्या लिहून आन् जावा घरला."

खरं सांगतो, मी विचार केला. घर होतं, दोन मुलं शिकत होती. अर्ध्या तासाचं काम होतं, दिवा बदलायचा, काच धुवायची, सरळ पाइप काढून झडप बसवायची. पेटीत सगळं होतं. कुणाला कळलं नसतं. समोर हौसाबाई बंद मेसच्या पायरीवर बसल्या होत्या, माझ्याकडं न बघता. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवलेले, जसे काही ते हात त्यांचे नव्हतेच.

मी झिरोचा दिवा, काळा पडलेला दिवा आणि ती माखलेली काच, तिन्ही नेऊन डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. माणसं जमली. मी सांगितलं. यंत्र कित्येक महिने बंद आहे. हा दिवा देवघरातला आहे. आणि मालकांकडं जी दोन कार्डं आहेत त्यांच्यावरच्या सह्या माझ्या आहेत आणि खोट्या आहेत. त्या दोन्ही वेळी मी यंत्र उघडलंच नव्हतं.

कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हात उगारला नाही. मग हौसाबाई उठल्या आणि सगळ्या घोळक्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मग माझंच हात काय म्हून उलटंपालटं करून बघत हुता रं समदे?"

पुढं काय झालं ते ऐका. डॉक्टरीणबाईंनी कडक अहवाल लिहिला. आप्पांना नोटीस आली. त्यांनी टाकीत ब्लिचिंग पावडर टाकली, आवाराच्या भिंतीला रंग दिला, आणि दिवाळीच्या आत सगळ्या खोल्या पुन्हा भरल्या. वायरमन कुठं गेला कुणी विचारलंही नाही. शोषखड्डा होता तिथंच राहिला. कंपनीनं मला काढलं. पत्रात कारण दिलं होतं, 'सर्व्हिस कार्डावर खोटी सही.' शब्दन् शब्द खरा! मी पुण्याला जाऊन मॅनेजरसमोर उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, खोट्या सह्यांवरच तर तुम्ही आम्हाला शाबासकी देत होता." त्यानं दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सही खोटी केली म्हणून नाही काढलं तुला. खोटी आहे असं चारचौघांत बोललास म्हणून काढलं."

म्हणजे ज्याला सगळं ठाऊक होतं तो खुर्चीवर राहिला. यंत्राचं तर काहीच चुकलं नव्हतं. ते बिचारं दिवा जाताच पाणी अडवून उभं होतं. माणसांनी त्याचा हात धरून बाजूला केला.

मेस बंदच झाली. हौसाबाई केंदूरला परतल्या. मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्या शेतात कांद्याच्या रोपांना पाणी देत होत्या. मी वाकायला लागलो तर त्या मागं सरल्या.

"माझ्याफुडं काय वाकताय? माझं काय गेलं? चार पातेली. ज्याचं गेलंय त्याच्याकडं जावा."

मला जायचं धाडस झालं नाही. वर्ष गेलं. मी दौंडातच लहानसं दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. एक दिवस मालधक्क्यावरच्या एका गोदामात पंपाच्या कामाला गेलो, तर नामदेव समोर. शिक्रापूर सोडून तो इथं हमालांचा मुकादम म्हणून लागला होता. फिटर माणूस पोत्यांच्या राशी मोजत उभा. त्यानं मला ओळखलं. शिव्या देईल असं वाटलं. त्यानं मला पोत्यावर बसायला सांगितलं.

"साहेब, तुमच्याशी बोलायचं होतं," तो म्हणाला. "माझे सासरे म्हणतात, पोरगी मीच मारली. सातव्या महिन्यात ते तिला माहेरी न्यायला आले होते. मीच नको म्हणालो."

"का?"

"तिकडं आडाचं पाणी, पावसात लालभडक होतं. इथं मशिनचं. मी त्यांना आवारात नेऊन ते मशीन दाखवलं, साहेब. म्हणालो, बाळंत होईपर्यंत ती इथंच बरी. आणि ती तर तुमच्या सांगण्याबाहेर एक थेंब प्यायची नाही. वीज गेली की दिवा दिसायचा नाही, नळाला पाणी यायचं तरी ती भरायची नाही. हंडा बाजूला ठेवून थांबायची. पाय सुजलेले असायचे. मी म्हणायचो, भर की आता, तर म्हणायची, दिवा लागू द्या."

गोदामात माणसं पोती टाकत होती, धूळ उडत होती.

"सासऱ्यांनी मला दारात उभं करायचं सोडलं. वर्षश्राद्धाला गेलो तर वेशीवरनं परत पाठवलं. मी सांगतो ते त्यांना खोटं वाटतं. तुम्ही येऊन सांगाल का?"

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. दौंडहून नगर, नगरहून आष्टी, आष्टीहून पुढं जीप. वाटेत नामदेव एकदाच म्हणाला, "तुम्ही यंत्राचं सगळं सांगू नका, त्यांना कळायचं नाही. तेवढंच सांगा." पण तेवढंच म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं.

सासऱ्यांचं नाव किसनराव. साठीचे, सडपातळ, घरासमोरच्या ओट्यावर बसून दोरखंड वळत होते. जावयाला बघून त्यांनी मान फिरवली. आतल्या दारात कालिंदाची आई येऊन उभी राहिली. मी अंगणात उभ्याउभ्याच सांगितलं. मी कोण, मशीन काय होतं, लोकांना मी काय शिकवलं, दुकानावर चहा पिऊन कशा सह्या केल्या, खिडकीत कसला दिवा निघाला. म्हणालो, "तुमच्या जावयानं तिला तिथं ठेवली ती माझ्या शब्दावर. तिनं माझं ऐकलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्याहून जास्त ऐकलं. चूक त्याची नाही."

किसनरावांनी हातातल्या दोराला आणखी एक पीळ दिला.

"तुमी मशीन उगडून बगितलंच नव्हतं?"

"नाही."

"एकदाबी?"

"पहिल्या खेपेला उघडलं होतं. नंतर नाही."

त्यांनी दोर खाली ठेवला. आत दारात माउलीनं तोंडाला पदर लावला होता. किसनराव उठले आणि पहिल्यांदाच नामदेवकडं नीट बघितलं. पोरगा वाळला होता, दाढी वाढलेली. म्हणाले, "नामदेव, पाय धू. आत ये."

नामदेवला ते लगेच कळलंच नाही. तो तसाच उभा राहिला. मग सासूबाईंनी बाहेर येऊन त्याचा दंड धरला आणि त्याला आत नेलं. आतून तिच्या रडण्याचा आवाज आला, आणि मग त्याच्याही.

किसनराव माझ्याकडं वळले. आवाज चढवला नाही.

"तुमी इतक्या लांब सांगाया आलात, ते बरं केलं. पर ह्या घरातलं पाणी तुमाला द्यावं असं मला वाटत न्हाई."

मी हात जोडले आणि फाट्याच्या वाटेला लागलो. तीन-चार मैलांची वाट होती, ऊन कडक होतं, आणि घसा कोरडा पडला होता. वळणावर पोचल्यावर एकदा मागं बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. दाराशी नामदेवच्या चपला होत्या.